बोलक्या काट्याचा आवाज कोणाचा

जैनबचा राग ब्रह्मपुरीच्या बाजाराला लहानपणापासून ठाऊक होता. आठवीत असताना तिने एका कांदेवाल्याच्या पारड्याखाली चिकटवलेला चुंबक भर बाजारात ओढून काढला होता आणि तो हातात धरून त्याच्यासमोर उभी राहिली होती, गिऱ्हाईक गोळा होईपर्यंत. घरी वडिलांनी तिला रागावायचं म्हणून रागावलं, पण त्या दिवशी जेवताना त्यांनी आपल्या ताटातली कलेजी उचलून तिच्या ताटात घातली.

वडील म्हणजे बिलालभाई काटेवाले. तराजू आणि वजनकाटे दुरुस्त करायचा सरकारी परवाना असलेला माणूस. ब्रह्मपुरीपासून वैनगंगेच्या पलीकडच्या गावांपर्यंत धान्याचे, मोहाचे, किराण्याचे काटे त्यांच्या हाताखालून जायचे. काटा दुरुस्त झाला तरी त्यावर शिशाचा शिक्का मारायला निरीक्षक यावा लागे, आणि तो कधी कधी महिना महिना येत नसे. दुकानदार गळ घालायचे, शिक्का उठवायचा पंच तुमच्याकडे आहेच, मारून टाका, कोणाला कळणार आहे. बिलालभाई काट्यावर फडकं झाकून ठेवायचे आणि चहा मागवायचे. काटा नीट करणं आपलं, शिक्का आपला नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. जैनब हे बघत वाढली.

ती ब्रह्मपुरीच्याच कॉलेजात कॉम्प्युटर शिकली, दोनेक वर्षं नागपुरात एका कंपनीत राबली आणि वडिलांची नजर अधू झाली तेव्हा परत येऊन दुकानावर बसली. आता इलेक्ट्रॉनिक काट्यांचे दिवस होते. त्याच काळात खैरटोल्याच्या मच्छीमार सोसायटीने तिच्याकडून नवा काटा नेला, आणि आठवडा उलटायच्या आत सोसायटीचे अध्यक्ष मनसारामभाऊ तो काटा घेऊन पुन्हा दारात उभे राहिले.

काटा बिघडला नव्हता. बिघडली होती ती तलावाच्या पाळीवरची, बांधावरची रीत. जाळं ओढून झालं की मासोळी काट्यावर यायची, लाल आकडे उमटायचे, पण उन्हात ते नीट दिसायचे नाहीत आणि दिसले तरी वाचणारे थोडे. टेम्पो घेऊन आलेला व्यापारी वाकून आकडा वाचायचा आणि तो सांगेल ते वजन. सोसायटीची सचिव गिरजाबाई दहावी शिकलेली. ती व्यापाऱ्याच्या खांद्यावरून डोकावून आकडे ओरडून सांगायची, पण दुपारपर्यंत तिचा घसा बसायचा आणि मग व्यापाऱ्याचंच राज्य.

"जुना तराजू बरा होता," मनसारामभाऊ म्हणाले. "दांडी कुठी झुकली थे आंधळ्यालेबी समजे. याचा आकडा वापाऱ्याले दिसते, आमाले कोन सांगन?"

जैनबला राग आला तो स्वतःचाच. काटा विकताना हा विचार तिच्या मनाला शिवलाच नव्हता. पंधरा दिवस दुकानाच्या मागच्या खोलीत बसून तिने एक प्रोग्राम लिहिला. काट्याची वायर जुन्या लॅपटॉपला जोडायची, लॅपटॉपला भोंगा, आणि मासोळी काट्यावर पडून आकडा स्थिर झाला की भोंग्यातून मराठीत वजन ऐकू यायचं. पाळीवर सगळ्यांना, व्यापाऱ्यासकट.

प्रोग्राम तिचा होता, पण त्यातला आवाज तिचा नव्हता. आकड्याचं बोलणं करून देणारं एक तयार सॉफ्टवेअर असतं. आपला प्रोग्राम त्याच्या जिवावर चालतो, ते नसेल तर आपला मुका. अशा सॉफ्टवेअरला रनटाइम म्हणतात. हा रनटाइम बंगळूरच्या एका कंपनीचा होता. तो फुकट होता, पण त्याच्या अटी जैनबने शब्दन् शब्द वाचल्या होत्या. ज्याला हवा त्याने तो कंपनीच्या साइटवरून स्वतः उतरवून घ्यावा, अटी स्वतः मान्य कराव्यात, आपल्या कामाला वापरावा. दुसऱ्या कोणी तो आपल्या प्रोग्रामसोबत बांधून वाटायचा नाही. वाटायचा असेल तर कंपनीचा वेगळा लेखी परवाना घ्यावा लागेल.

खैरटोल्याच्या पाळीवर नेट नव्हतं. गावातही नव्हतं, पाण्याच्या टाकीवर चढलं तर फोनला एखादी काडी मिळे. म्हणून गिरजाबाई लॅपटॉप पोत्यात गुंडाळून, मांडीवर धरून काळीपिवळी जीपने ब्रह्मपुरीला आली. जैनबने तिला अटी मराठीत सांगितल्या आणि 'मान्य आहे' हे बटण गिरजाबाईने स्वतःच्या बोटाने दाबलं, तेव्हा कंपनीकडून खैरटोल्याच्या नावाचा नोंदणी क्रमांक आला. पुढे जे जे गाव आलं त्याच्याकडून जैनबने हेच करून घेतलं. कोणी मूल गावाहून आलं, कोणी नदीपलीकडून. धाकटी बहीण आफ्रीन हसायची. पेन ड्राइव्हवर दोन्ही एकत्र घालून दिलं तर दहा मिनिटांचं काम, आणि तू लोकांना जीप धरायला लावतेस. जैनब तिला एकच विचारायची, अब्बांनी कधी स्वतः शिक्का मारला का?

पण हा नियम तिलाही डाचायचा. ज्याच्या खिशात नेट आहे त्यानेच तो लिहिला आहे हे तिला दर वेळी दिसायचं. पोतं सोडून लॅपटॉप काढणाऱ्या बाया बघितल्या की तिच्या कपाळावरची शीर ताठ व्हायची. तरी ती नियमाने चालली.

मग सुनिल आला. चंद्रपूरचा पुरवठादार, वैनगंगेच्या अलीकडच्या-पलीकडच्या दोन्ही जिल्ह्यांतल्या मच्छीमार सोसायट्यांना काटे आणि लॅपटॉप पुरवायचं सरकारी काम त्याला मिळालं होतं. खैरटोल्याला येऊन त्याने बोलका काटा ऐकला आणि जैनबकडून प्रोग्राम घेतला. करारात जैनबने आपल्या हाताने एक कलम वाढवलं की रनटाइम प्रोग्रामसोबत बांधून द्यायचा नाही, प्रत्येक सोसायटीने तो आपला आपण उतरवून घ्यायचा. सुनिलने सही केली. कलम वाचायला त्याला पंखा एकदा फिरायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही, हे जैनबच्या तेव्हाच ध्यानात यायला हवं होतं.

नंतर कळलं ते असं. सुनिलच्या माणसाने खैरटोल्याचा लॅपटॉप दुरुस्तीच्या नावाखाली एक दिवस नेला आणि त्याची जशीच्या तशी नक्कल काढली, रनटाइमसकट, खैरटोल्याच्या नोंदणी क्रमांकासकट. तीच नक्कल त्याने कोरचीपासून सिरोंच्यापर्यंत प्रत्येक लॅपटॉपवर चढवली. अटी दाखवणारी खिडकी उघडूच नये अशी सोयसुद्धा करून ठेवली. लोकांनी काय मान्य केलं हे लोकांना कळलंच नाही.

एवढ्या यंत्रांना अधूनमधून कुठे ना कुठे नेट सापडायचंच. प्रत्येक यंत्र कंपनीला एकच क्रमांक सांगत होतं. कंपनीने तो क्रमांक बंद केला. खैरटोल्याचा लॅपटॉप सोसायटीच्या कामासाठी तालुक्याला नेला होता, तिथल्या नेटवरून ती बंदी त्याच्यातही उतरली.

ऐन हंगामात, खैरटोल्याचा मोठा तलाव ओढायला काढला त्याच दिवशी, काटा मुका झाला. पाळीवर पन्नासेक माणसं, टोपल्यांत तडफडणारे रोहू आणि कतला, लॅपटॉपच्या पडद्यावर 'विनापरवाना प्रत' अशी लाल पट्टी, आणि भोंग्यातून नुसती खरखर. मनसारामभाऊंनी भोंग्यावर थाप मारून पाहिली. व्यापारी थोडा वेळ थांबला, मग पुढे सरकून पूर्वीसारखा वाकला आणि वजन सांगू लागला. गिरजाबाई टाकीवर चढली आणि तिथून तिने जैनबला फोन लावला.

"पोरी, काऊन बोलून नाई राह्यला काटा? लोक म्हनते तू चोरीचा माल देल्ला."

जैनबच्या समोर त्या वेळी कंपनीच्या वकिलाची नोटीस उघडी होती. प्रोग्राम सुरू होताना पडद्यावर तिचं नाव आणि नंबर यायचा, म्हणून नोटीस तिला आली होती. विनापरवाना वितरण, सर्व प्रती ताबडतोब काढून टाका, नुकसानभरपाई. तिने गिरजाबाईला सांगितलं की चोरी झाली आहे, पण ती मी केलेली नाही. पलीकडे वाऱ्याचा आवाज येत होता. मग गिरजाबाईने विचारलं, "मंग कोनी केली?" आणि जैनबने फोन ठेवून चंद्रपूरची बस धरली.

सुनिलच्या ऑफिसात काचेचं टेबल होतं आणि त्यावर काचेखाली देवांचे फोटो. त्याने तिला पाणी मागवलं. तिने ते प्यायलं नाही. तिने करारातलं कलम वाचून दाखवलं, तो मान डोलवत राहिला.

"मॅडम, तुम्ही इथल्याच ना?" तो शांतपणे म्हणाला. "भामरागडच्या आत, हेमलकशाच्या पुढे, कुठी नेट आहे सांगा. प्रत्येक सोसायटीच्या माणसाले मी का खांद्यावर घेऊन तालुक्याले नेऊ? सगळेच असं देतात. कंपनीले तरी काय फरक पडते, फुकटच तर होतं."

"फुकट होतं म्हणून तुमचं होत नाही," जैनब म्हणाली. "आणि खैरटोल्याचा क्रमांक तुम्ही गावोगाव वाटला. ज्यांनी नियम पाळला त्यांचाच काटा आधी बंद पडला."

तो म्हणाला, कंपनीला माफीचं पत्र लिहून द्या, प्रोग्राम तुमच्या नावाचा आहे, तुमच्यासारख्या बाईला ते सांभाळून घेतील. जैनब उठली तेव्हा टेबलावरचा पाण्याचा ग्लास तिच्या हाताने उलटला. मुद्दाम उलटला की नाही हे तिने कोणालाच सांगितलं नाही. पाणी काचेखाली देवांपर्यंत झिरपत गेलं आणि सुनिल पहिल्यांदा खुर्चीतून उठला.

बसमध्ये तिचा राग वाढतच गेला, कारण त्या माणसाचं एक म्हणणं खरं होतं. हेमलकशाच्या पुढे नेट नव्हतंच. तिने पाळलेला नियम जंगलातल्या माणसाला पाळता येईल असा नव्हताच, आणि तो मोडणाऱ्याने जंगलातल्या माणसाचंच नाव पुढे केलं होतं. हे दोन्ही एकाच वेळी खरं असावं याची तिला चीड येत होती. मूलच्या स्टँडवर शेजारच्या बाईने तिला शेंगा देऊ केल्या, तेव्हा तिने इतक्या जोरात नाही म्हटलं की त्या बाईने जागा बदलली.

कंपनीच्या वकीलबाई फोनवर सौम्य होत्या. करार पाहून त्यांनी मान्य केलं की दोष जैनबचा नाही, त्यांचं काय ते सुनिलशी होईल. पण बंद केलेला क्रमांक उघडणार नाही. जैनबने विचारलं की मग मच्छीमार सोसायट्यांपुरता, जिथे नेट नाही तिथे, प्रोग्रामसोबत रनटाइम द्यायची लेखी परवानगी मला द्या. वकीलबाई म्हणाल्या की तसा परवाना आहे, मात्र तो मोठ्या कंपन्यांसाठी आहे, कमीत कमी दहा हजार प्रतींचा. जैनबने हसून विचारलं की दोन जिल्ह्यांत एवढे तलाव तरी आहेत का. बाईंनी तिला अर्ज करायला सांगितलं. तिने अर्ज केला. उत्तर आलं नाही.

बिलालभाई खाटेवर पडून हे सगळं ऐकत होते. नजर गेली होती, कान शाबूत होते. ते म्हणाले, "दूसरे की मोहर पे भरोसा किया ना, तो उसके दरवाजे पे बैठना पड़ता है." जैनब त्यांच्यावरही चिडली. मग ताट बाजूला सारून तिने वहीवर शून्यापासूनचे आकडे मांडायला घेतले.

वजन बोलायला शब्द लागतात तरी किती? शंभरापर्यंतचे आकडे, शेकडे, किलो, ग्रॅम, पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, साडे, आणि माशांची नावं. एवढं कोणा माणसाच्या आवाजात भरून घेतलं की प्रोग्राम त्या फिती जोडून वाक्य करील. मग कोणाचा रनटाइम नको, कोणाची साइट नको. पेन ड्राइव्हवर घालून भामरागडच्या आत कुठेही नेता येईल.

आवाज कोणाचा, हा प्रश्नच नव्हता. गिरजाबाई आली. दुकानाच्या मागच्या खोलीत पंखा बंद करून, खिडकीला रजई लावून दोघी घामाघूम बसल्या. बाहेर काळीपिवळ्यांचे हॉर्न वाजले की थांबायचं, पुन्हा सुरू करायचं. कंपनीचा आवाज 'दोन पूर्णांक पाच शून्य शून्य किलो' म्हणायचा. गिरजाबाईने ते ऐकलं होतं, तिने तसलं काही म्हणायला साफ नकार दिला. तिने म्हटलं, "अडीच किलो." आणि पाळीवर म्हणायची तसंच, शेवटचा शब्द थोडा ताणून.

खैरटोल्यात काटा पुन्हा बोलला तेव्हा लोक आधी हसले, कारण गिरजाबाई समोर तोंड मिटून उभी आणि भोंग्यातून तिचाच आवाज. व्यापारी हसला नाही.

जैनबने मग मागे वळून पाहिलं नाही. सुनिलने मुके करून ठेवलेल्या गावांत ती फिरली. कधी एसटीने, कधी कोणाच्या मोटारसायकलवर, ती पेन ड्राइव्ह घेऊन जायची, बोलका काटा सुरू करून द्यायची आणि काही घेतलंच तर चहा घ्यायची. आता कुठल्या बंगळूरवाल्याला विचारायचं नव्हतं. तिच्या रागाला पाय फुटले होते आणि ती खूश होती.

उन्हाळ्याच्या तोंडावर एका दुपारी गिरजाबाई दुकानात आली. ती बसली नाही.

भाचीच्या, आचलच्या, सासरी ती लग्नाला गेली होती. आरमोरीकडचं गाव. तिथल्या तलावाच्या पाळीवरून जाताना तिने स्वतःचा आवाज ऐकला. एक माणूस, दारू प्यायलेला, काट्यावर आपला पाय ठेवत होता आणि भोंग्यातून तिचा आवाज वजन बोलला की सगळे हसत होते. पाय काढायचा, पुन्हा ठेवायचा, पुन्हा हसायचं.

"तू मले विचारलं का?" गिरजाबाई म्हणाली.

जैनब चमकली आणि लगेच चिडली. आपण एक पैसा घेतला नाही, गोरगरिबांसाठी उन्हातान्हात गावोगाव फिरलो, सुनिलने केलं आणि आपण केलं यात काही फरक आहे की नाही, असं सगळं तिने एका दमात ऐकवलं. गिरजाबाईने तिला बोलू दिलं.

"पैशाचं मी बोलली का?" ती म्हणाली. "तो पाय ठेवून राह्यला होता त्याचंबी सोड. मी तिथी उभी राहून आयकलं. मासोरी माह्या डोक्याइतकी, आन मी म्हनून राह्यली दोन किलो. मी, गिरजा. तिथी काटाच खोटा हाये, जैनब. त्याले शिक्का नाई. तिथल्या बाया मले म्हने, आमाले तुमच्या आवाजाचा भरोसा हाये."

खाटेवर बिलालभाईंनी कूस बदलली.

जैनबने माफी मागितली नाही. तिला ते कधीच नीट जमलं नाही. तिने काउंटरखालून चप्पल काढली, पायात घातली आणि विचारलं, गाव कोणतं. दोघी दुसऱ्याच दिवशी तिथे गेल्या. जैनबने प्रमाणित वजनं काट्यावर ठेवून पाहिली. काटा चांगला चतकोर वजन खात होता. तिथला अध्यक्ष चैतू तिच्या अंगावर आला, काटा सरकारी आहे, आवाज फुकट दिला आहे, आता परत नेणारी तू कोण. जैनब भांडायला तोंड उघडणार तोच गिरजाबाई पुढे झाली.

"थे नाई. मी," ती म्हणाली. "थे माहा आवाज हाये, आन मी तो घेऊन चालली."

जैनबने आवाज काढून टाकला. भोंगा मुका झाला. बायांपैकी एकीने, सुकरी तिचं नाव, काटा शिक्का मारून आणला तर आवाज परत मिळेल का ते विचारलं. गिरजाबाई हो म्हणाली. पुढे महिनाभराने त्या गावाने काटा बदलला. चैतू मात्र अजून जैनबशी बोलत नाही.

त्यानंतर जैनबने सगळी गावं पुन्हा पालथी घातली, या वेळी गिरजाबाईला विचारून. कुठे ठेवायचा, कुठून काढायचा, ते ती ठरवी. प्रोग्राम उघडला की पडद्यावर आता लिहून येतं की हा आवाज खैरटोल्याच्या गिरजाबाईंचा आहे, शिक्का असलेल्या काट्यावरच वापरावा, दुसऱ्या गावी न्यायचा तर आधी त्यांना विचारावं. खाली गिरजाबाईचा फोन नंबर. नेट लागत नाही, टाकीवर चढून फोन मात्र लागतो.

सुनिलचं काहीच बिघडलं नाही. त्याने कंपनीकडून दहा हजार प्रतींचा परवाना विकत घेतला, स्वतःच्या नावाचा प्रोग्राम कोणाकडून तरी लिहवून घेतला आणि शेजारच्या जिल्ह्यांचं काम मिळवलं. मध्ये एकदा त्याच्या माणसाने गिरजाबाईला फोन करून तिच्या आवाजासाठी बरीच मोठी रक्कम देऊ केली, कारण लोक म्हणे कंपनीच्या आवाजावर विश्वास ठेवत नाहीत. गिरजाबाईने त्याला थांबायला सांगितलं, जाळं दोरीवर वाळत घातलं आणि मग परत फोन कानाला लावून नाही म्हटलं. जैनबला हे कळलं तेव्हा ती आनंदली नाही. त्या माणसाने फोन करायची हिंमत केलीच कशी म्हणून ती तासभर दुकानात आदळआपट करत होती, आणि आफ्रीनने दोन गिऱ्हाइकं बाहेरच्या बाहेर परत पाठवली.

गिरजाबाई कधी कधी चांगल्या गावालाही नाही म्हणते. कारण सांगत नाही. जैनब त्यावरून तिच्याशी भांडते, की काटा खरा आहे, शिक्का आहे, बाया चांगल्या आहेत, निदान कारण तरी सांगा. गिरजाबाई पानाचा विडा गालात सरकवते.

"आवाज माहा हाये ना?" ती म्हणते. "मंग उद्या विचार."

आणि जैनब रागाने लाल होऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारते.